नाडी बरोबर आहे, मग दाब कसा वाढेल?



"नाडी तर बरोबर चालली आहे, मग बीपी कसे वाढेल?" हा प्रश्न खानदेशात घरोघरी ऐकू येतो. जळगावच्या बाजारपेठेतील व्यापारी तो विचारतो, धुळ्याचा निवृत्त शिक्षक विचारतो, रावेर-यावलकडचा केळीचा बागायतदारही विचारतो. प्रश्न विचारणारा अडाणी नसतो. त्याने मनगटावर बोटे ठेवून, घड्याळाच्या काट्याकडे पाहत ठोके मोजलेले असतात आणि ते मिनिटाला ७२ भरलेले असतात. शाळेच्या पुस्तकातही ७२ हाच आकडा त्याने वाचलेला असतो. डोके दुखत नाही, धाप लागत नाही, जेवण जाते, झोप लागते. अशा वेळी दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून सांगितलेला १६८/१०२ हा आकडा त्याला यंत्राचा दोष वाटतो आणि गोळ्यांची चिठ्ठी खिशातच राहते.

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. नाडी आणि दाब ही दोन वेगळी मापे आहेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. मात्र ही दोन्ही मापे शेजारी-शेजारी मांडून वाचली, तर एकेकट्याने जे कळत नाही ते कळू लागते. आपल्या या उन्हाच्या मुलखात तर त्याची गरज फारच आहे. कारण मे महिन्यात सोडलेली गोळी आणि डिसेंबरच्या पहाटे आलेला पक्षाघात यांचा संबंध बहुतेक घरांत कधी जोडलाच जात नाही.

विषय किरकोळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांच्या या पाहणीत वीस वर्षांवरील ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. देशाच्या लोकसंख्येशी हिशेब मांडला तर ही संख्या एकतीस कोटींच्या वर जाते. या सभागृहात बसलेल्या प्रत्येक तिघांमागे एक, असे म्हटले तरी चालेल. आणि त्या एकाला ते ठाऊक असेलच असे नाही.

नाडीपरीक्षा ही आपल्याकडची जुनी विद्या. चरक-सुश्रुतांच्या मूळ ग्रंथांत तिला स्वतंत्र प्रकरणाचे स्थान नाही. ती पुढे शार्ङ्गधर संहितेत स्पष्टपणे येते. वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी, कफाची हंसासारखी, अशा चाली तेथे सांगितल्या आहेत. वैद्याच्या बोटांना गती, लय, भरीवपणा आणि ताठरपणा कळत असे, आणि अनुभवी वैद्याला आजही कळतो. तरीही बोटाने दाबाचा आकडा सांगता येत नाही. म्हातारपणी कठीण झालेली रोहिणी बोटाला ताठ लागते. पण आत १४० आहे की १८०, हे बोट सांगू शकत नाही. ही विद्येची निंदा नव्हे. तराजूने लांबी मोजता येत नाही म्हणून तराजू खोटा ठरत नाही.

गंमत अशी की, दाब मोजण्याचे आधुनिक तंत्र जन्मले तेही नाडीवर बोट ठेवूनच. १८९६ साली इटलीतील शिपियोने रिवा-रोच्ची या वैद्याने दंडाभोवती हवेचा पट्टा आवळण्याची युक्ती काढली. पट्टा फुगवत न्यायचा आणि मनगटावरची नाडी बोटाखालून नाहीशी होते त्या क्षणी पाऱ्याची उंची वाचायची. हा झाला वरचा दाब. खालचा दाब निश्चितपणे मोजता येऊ लागला तो १९०५ नंतर, निकोलाय कोरोतकोव्ह या रशियन शल्यविशारदाने कोपराच्या खोबणीत नळी लावून आवाज ऐकण्याची पद्धत सांगितल्यावर.

आता नाडी आणि दाब वेगळे कसे, हे समजून घ्यायचे तर खानदेशी माणसाला परदेशी उदाहरण देण्याची गरज नाही. जळगाव हे ठिबक सिंचनाचे गाव. विहिरीवरची मोटर, तिच्यापुढे फिल्टर, मग मुख्य नळी, लॅटरल आणि शेवटी झाडाच्या बुंध्याशी ड्रिपर. मोटर नेहमीच्याच वेगाने फिरते आहे. पण ड्रिपरमध्ये क्षार साचले किंवा शेताच्या अर्ध्या भागाचे व्हॉल्व्ह बंद केले, तर गेजचा काटा वर चढतो. मोटरचा आवाज ऐकून हे कोणाला कळणार नाही. त्यासाठी गेजच पाहावे लागते. उलट एखादी नळी फुटली तर मोटर तशीच धडधडत राहते आणि काटा खाली येतो. नाडी म्हणजे मोटरची फेरी, रक्तदाब म्हणजे गेजचा काटा.

शरीरातील हिशेबही असाच आहे. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर साधारण पाच लिटर. दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके. हे पाच लिटर ज्या नळ्यांतून जायचे, त्या नळ्या किती आकसलेल्या आहेत यावर दाब ठरतो. उच्च रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत बिघाड असतो तो नळ्यांच्या या आकसण्यात आणि शरीरात साठून राहिलेल्या मिठा-पाण्यात. म्हणून ठोके ७२ असतानाही दाब १६८ असू शकतो. आणि घाबरलेल्या, ताप आलेल्या किंवा पंडुरोग झालेल्या माणसाचे ठोके ११० असून दाब अगदी बेताचा असू शकतो.

मग ठोक्यांना काहीच अर्थ नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. वरचा दाब आणि ठोके यांचा गुणाकार केला की हृदयाच्या स्नायूला किती श्रम पडत आहेत आणि किती प्राणवायू लागत आहे याचा ढोबळ अंदाज मिळतो. दाब १२४ आणि ठोके ७२ असतील तर गुणाकार ८,९२८ येतो. दाब १६८ आणि ठोके ९६ असतील तर १६,१२८, म्हणजे पावणेदोन पटींहून अधिक. हृदय तेच, नळ्या त्याच, काम मात्र जवळपास दुप्पट. आणि तेही खुर्चीत बसून.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हृदयविकाराचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातील औषध न घेणाऱ्या साडेचार हजार उच्च रक्तदाबाच्या व्यक्तींची छत्तीस वर्षांची नोंद १९९३ मध्ये मांडली गेली. विश्रांतीच्या वेळचे ठोके ज्यांचे चाळिसाने अधिक होते, त्यांच्यातील मृत्यूची शक्यता दुपटीहून थोडी जास्त आढळली. पुरुषांत आणि स्त्रियांतही. युरोपातील तज्ज्ञांनी २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांत विश्रांतीच्या वेळी ८० च्या वर असणारे ठोके हा उच्च रक्तदाबाच्या रुग्णासाठी धोक्याचा एक निदर्शक म्हणून नोंदवला.

येथे एक मोह होतो. ठोके जास्त असणे वाईट, तर गोळी देऊन ते कमी करावेत! वैद्यकाने हा मोह करून पाहिला आहे. ॲटेनोलॉलसारखी औषधे हृदयाची गती कमी करतात आणि एके काळी ती उच्च रक्तदाबासाठी सर्रास पहिली गोळी म्हणून दिली जात. २००२ मध्ये लॉसार्टन आणि ॲटेनोलॉल यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. दाब दोन्ही औषधांनी सारखाच उतरला होता. पण लॉसार्टन घेणाऱ्यांत पक्षाघात सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाले. २००८ मध्ये अशा अनेक चाचण्यांचे एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा या औषधांनी ठोके जितके खाली आणले तितका लाभ वाढल्याचे दिसले नाही. उलटच चित्र दिसले. चालण्याने, वजन उतरल्याने, तंबाखू सुटल्याने मंद झालेली नाडी आणि केवळ गोळीने मंद केलेली नाडी यांचा आकडा एक असला तरी अर्थ एक नाही. अर्थात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, हृदय दुबळे असेल किंवा गती अनियमित असेल, तर हीच औषधे आवश्यक असतात आणि ती अचानक थांबवणे धोक्याचे असते. म्हणून हे ऐकून घरी जाऊन कोणी आपली गोळी बंद करू नये.

नाडी आणि दाब दोन्ही एकाच वेळी उतरवणारे औषध जगाला मिळाले ते भारतीय वनस्पतीतून, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे शतकानुशतके निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंशासाठी वापरले जात होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्माद आणि रक्तदाबावरील उपयोग शास्त्रीय नियतकालिकात मांडला. पण जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. त्यांचा सर्पगंधेच्या चाचणीवरील लेख १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

हे सांगताना ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. पण गोष्ट तेथे संपत नाही. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली उत्तेजक द्रव्ये रिकामी करते. त्यामुळे दाब उतरतो आणि नाडीही मंदावते. काहींच्या नाकाला सूज येते, काही जण मोठ्या मात्रेने खिन्न होतात, म्हणून अधिक सुसह्य औषधे आल्यावर ते मागे पडले. वनस्पती आपली आहे म्हणून ती निरुपद्रवी, असे समजून बाजारातील पुडी घरच्या घरी घेणे म्हणजे डॉ. वकील यांच्या कार्याचा अनादरच. त्यांचे मोठेपण मूळ रुग्णाला देण्यात नव्हते. प्रत्येक रुग्णाचा दाब मोजून, लिहून, जगाला पडताळता येईल अशा रीतीने तो मांडण्यात होते.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येऊ. भुसावळ-जळगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शरीर थंड ठेवण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते. नळ्या मोठ्या झाल्या, पाणी कमी झाले. गेजचा काटा खाली येणारच. मान आणि छातीतील मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाब ओळखणारे ज्ञानतंतू असतात. दाब पडला की ते मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू हृदयाला वेग वाढवायला सांगतो. म्हणून उन्हात दाब खाली आणि नाडी वर, अशी विरुद्ध दिशेची जोडी दिसते. ज्यांना वाटते की नाडी आणि दाब नेहमी एकत्र चढतात-उतरतात, त्यांनी हे एकच उदाहरण ध्यानात ठेवावे.

उच्च रक्तदाबाचा रुग्ण या दिवसांत गोळी घेतच असतो. त्यातही लघवीवाटे पाणी-मीठ काढणारी गोळी असेल तर उन्हाची आणि औषधाची भर एकमेकांवर पडते. शेतातून आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, उठताना तोल जातो. शेजारी पट्टा असेल तर वरचा दाब ११५ दिसतो. घरचे म्हणतात, वा, बीपी नॉर्मल झाले!

यातील फसगत पाहा. या माणसाचा नेहमीचा दाब गोळी घेऊनही १५० आणि ठोके ७६ आहेत. ठोक्यांना वरच्या दाबाने भागले तर ०.५१ येते. १९६७ मध्ये आल्गोवर आणि बुरी या दोघा शल्यवैद्यांनी अपघाती रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी हे साधे गुणोत्तर सुचवले. विश्रांतीत ते साधारण ०.५ ते ०.७ असते आणि एकाच्या जवळ जाऊ लागले की डॉक्टर सावध होतात. आता त्या माणसाचा दाब ११५ आणि ठोके १०५ आहेत. गुणोत्तर ०.९१. ११५ हा आकडा पुस्तकात सामान्य आहे, त्याच्यासाठी नाही. वर्षानुवर्षे चढ्या दाबाची सवय झालेल्या मेंदूला आणि मूत्रपिंडाला एकदम एवढी घसरण सोसत नाही. दाब एकटा पाहिला तर आनंद वाटतो; शेजारी ठोके लिहिले की काळजी वाटते.

हेही सांगायला हवे की, ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर नाडी अशा वेळी वाढतच नाही. पाणी आटलेले असते, दाब पडलेला असतो आणि ठोके ६८ वर शांत असतात. 'नाडी बरोबर आहे' या वाक्याने तेथे जीवावर बेतू शकते. आपण घेत असलेली गोळी या जातीची आहे का, हे प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

उठताना येणाऱ्या अंधारीसाठी डॉक्टर एक साधी तपासणी करतात. पाच मिनिटे आडवे पडल्यावर दाब आणि ठोके घ्यायचे, मग उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यायचे. वरचा दाब २० किंवा खालचा १० ने पडला तर दोष आहे असे धरतात. समजा दाब १५० वरून ११८ झाला आणि ठोके ७६ वरून ९८ झाले. दाब ३२ ने पडला, ठोके २२ ने वाढले, भागाकार ०.६९. म्हणजे शरीराची वर्दी-यंत्रणा जागी आहे. पाणी कमी पडले असेल किंवा गोळीची मात्रा जास्त होत असेल. दुसऱ्या रुग्णात दाब तेवढाच पडला, पण ठोके फक्त सहाने वाढले, भागाकार ०.१९. येथे ज्ञानतंतूच दुबळे झाले असण्याची शक्यता असते. मज्जासंस्थेच्या विकारांतील रुग्णांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये ही ०.५ च्या आसपासची सीमारेषा मांडली गेली. दीर्घकाळच्या मधुमेहातही ज्ञानतंतूंना अशी इजा होते आणि आपल्याकडे रक्तदाब व मधुमेह ही जोडगोळी किती घरांत आहे, हे वेगळे सांगायला नको. ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर मात्र हा भागाकार निरर्थक ठरतो. निदान डॉक्टरांनीच करायचे. पण चार आकडे घरून लिहून नेले तर त्यांचे काम अर्धे होते.

उन्हाळ्यात गोळीची मात्रा कमी करावी लागणे यात गैर काही नाही. तो निर्णय डॉक्टरांनी आकडे पाहून घ्यायचा असतो. प्रत्यक्षात होते असे की, चक्कर आली म्हणून गोळी सुटते, दाब ठीक दिसतो म्हणून सुटलेलीच राहते, पावसाळा पेरणी-निंदणीत जातो आणि मग थंडी येते. हिवाळ्यात धुळ्याचा पारा एक आकडी होतो. आता त्याच रक्तवाहिन्या आकसतात. युरोपातील तज्ज्ञांनी २०२० मध्ये काढलेल्या अनुमानानुसार वरचा दाब उन्हाळ्यात हिवाळ्याच्या तुलनेत सरासरी पाच मिलिमीटरने कमी असतो. पाच हा आकडा किरकोळ वाटेल. पण ही सरासरी आहे, तीही बरीचशी थंड किंवा समशीतोष्ण देशांतील. आपल्याकडे मे आणि जानेवारीतील अंतर मोठे आहे आणि त्यावर सुटलेल्या गोळीची भर पडते. पहाटे तर दाब तसाही चढा असतो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत आणि 'सकाळ होऊ द्या' म्हणण्यात वेळ घालवू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. साक्री किंवा चोपड्याच्या दुर्गम पाड्यावरून शहर गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो.

वृद्धांविषयी थोडे. 'शंभर अधिक वय' इतका दाब चालतो, ही समजूत आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत खोल रुजलेली आहे. म्हणजे सत्तरीत १७० चालावा! रोहिण्या ताठ झाल्या की वरचा दाब चढतो आणि खालचा घसरतो. १७०/७० असे आकडे दिसतात. खालचा चांगला आहे म्हणून घरचे निर्धास्त होतात. वस्तुतः दोहोंतील हे शंभराचे अंतर हीच ताठरपणाची खूण असते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत अशाच, केवळ वरचा दाब वाढलेल्या वृद्धांना स्वस्त अशी क्लोरथॅलिडोनची गोळी देऊन पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ मध्ये तर ऐंशी वर्षांवरील रुग्णांच्या चाचणीतही उपचाराने मृत्यू २१ टक्क्यांनी घटलेले दिसले. वय झाले म्हणून दाब सोडून द्यावा, याला आधार राहिलेला नाही. फक्त वृद्धांत उभे राहून दाब पाहिल्याशिवाय मात्रा वाढवू नये.

नाडीवर बोट ठेवण्याची जुनी सवय मात्र मोडू नये. ठोक्यांची संख्या नव्हे, त्यांची लय बोटाला फार चांगली कळते. ठोके कधी जवळ, कधी लांब, काही जोरात, काही पुसट, असा ताळ नसलेला खेळ चालला असेल तर ईसीजी काढलाच पाहिजे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अशी थरथर अधिक आढळते आणि तिच्यामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. अशा व्यक्तीचा दाब यंत्रावर दर वेळी वेगळा येतो. तेव्हा यंत्राला दोष न देता तीन मापे घेऊन सरासरी काढावी.

जप आणि श्वास यांविषयी एक इटालियन अभ्यास वाचण्यासारखा आहे. पाव्हिया येथील लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी व्यक्तींकडून त्यांनी लॅटिनमधील 'आवे मारिया' ही जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोहोंनी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि दाब पडताच नाडीने सावध होण्याची जी क्षमता, ती वाढली. यातून कोणत्या धर्माची सरशी शोधण्यात अर्थ नाही. काम करत होती ती श्वासाची लय. आपल्या घरातील सायंप्रार्थना, रामरक्षा, संथ अनुलोम-विलोम यांतून तीच लय सहज साधते. त्याने दाब काही अंशी उतरतो. १७० चा १२० होत नाही. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी शीर्षासन आणि जोरकस कपालभाती मात्र जाणत्या शिक्षकाला विचारल्याशिवाय करू नये.

खाण्याविषयी खानदेशी माणसाला बोलणे धाडसाचे आहे. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी यांना कोण नावे ठेवील? अडचण मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत आपले सरासरी प्रमाण आठ ग्रॅम भरले. उन्हाळ्यात अंगणात वाळणारे बिबडे, पापड, कुरडया, वर्षभराची लोणची, हे सारे मीठच मीठ. पापडखारातही सोडियम असतो, हे पुष्कळ गृहिणींना ठाऊक नसते. भरीत खावे, जोडीचा पापड एक वगळावा. सैंधव हेही मीठच आहे. तंबाखू आणि मिश्रीने नाडी व दाब दोन्ही चढतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडातील पुडी संपलेली नाही. आणि प्रवासी कार्यकर्त्यांनी एवढेच पाहावे की, दिवसाला दहा घरी गेले म्हणून दहा कप चहा घ्यावाच लागतो असे नाही. प्रेमाने पाणी मागितले तरी यजमान रागावत नाहीत.

तपासणीसाठी पैसे लागत नाहीत. उपकेंद्रात, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा दाब मोजून देण्याची व्यवस्था आहे. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय तर त्याहून पुष्कळ जुने. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. राज्यात आरंभी त्यासाठी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे निवडले होते. त्याची पद्धत अगदी साधी: ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि जो महिनाभर आला नाही त्याच्या घरी निरोप. यातील शेवटचे काम कोणत्याही गावातील चार तरुणांना करता येईल. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

घरी मोजायचे तर दंडाला बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. दंड हृदयाच्या उंचीवर असावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा वाढलेला दिसतो, आणि मोजताना गप्पा मारल्या तरी. मिनिटभराच्या अंतराने दोन मापे घ्यावीत. घरी १३५/८५ ही वरची मर्यादा समजतात. वहीत रकाने पाच: तारीख-वेळ, वरचा दाब, खालचा दाब, ठोके, आणि त्या दिवशी घेतलेली गोळी. चैत्रात ऊन तापू लागताना एक आठवडा आणि दिवाळीनंतर थंडी पडू लागताना एक आठवडा, रोज सकाळ-संध्याकाळ ही नोंद करून वही डॉक्टरांपुढे ठेवावी. घरचे यंत्र वर्षातून एकदा दवाखान्यातील यंत्राशी, त्याच दंडावर, पाठोपाठ लावून ताडून पाहावे.